रेडिओजवळचं मीठ

१

रविवारी दुपारी जेवण उरकल्यावर रुडॉल्फ अंकलनी रेडिओची कळ फिरवली आणि रेडिओ बोलला नाही.

खरखरही नाही. अंकलनी बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि मला हाक मारली.

"इनेझ! तू बी. एस्सी. ना? ये इकडे."

आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडली की माझी पदवी आठवायची. मी तेव्हा भाईंदरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि जवळच्याच मुर्धा गावात अंकल-आंटींकडे राहत होते. अंकल बोटीवर स्टुअर्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बोटीवरून दोनच गोष्टी आणल्या, एक दमा आणि एक रेडिओ. गावात वीज नव्हती. हा सेट बॅटरीवर चालायचा आणि ती बॅटरी भरायला बैलगाडीतून स्टेशनाजवळ जायची.

मी सेटचं मागचं झाकण काढलं. आत व्हॉल्व्ह ओळीने उभे होते, बोटभर उंचीचे काचेचे दिवे. त्यांतली एक जागा रिकामी होती, दात पडल्यासारखी.

"चोरी!" अंकल खुर्चीत बसले. "आज! आजच्या दिवशी!"

आज 'कुलूपबंद दिवाणखाना' या रेडिओवरच्या नाटकाचा शेवटचा भाग होता. गेले चार रविवार संध्याकाळी आमच्या ओसरीवर अर्धं गाव जमत होतं, मिठागरातले, कोळीवाड्यातले, भाजीवाले, सगळे. दर रविवारी ते एकच प्रश्न घेऊन घरी गेले होते, की दादासाहेबांना विष कुणी दिलं? आज उत्तर मिळायचं होतं.

"काल रात्री बातम्या ऐकल्या ना आपण?" मी विचारलं.

"ऐकल्या. चांगला बोलत होता."

"म्हणजे सकाळी, आपण चर्चमध्ये असताना. दार?"

"दाराला कडी असते. कुलूप कशाला? इथे काय सोनं आहे?"

नवीन व्हॉल्व्ह मुंबईत मिळाला असता, पण रविवारी दुकान उघडं कुठे? जुना सापडला तरच आज रेडिओ बोलणार होता. मी झाकण परत बसवायला घेतलं आणि थांबले. झाकणाचे चारही स्क्रू चोराने काढून पुन्हा नीट घट्ट बसवले होते. शिवाय त्यांच्यावर काहीतरी चकाकत होतं. मी बोट लावलं, वास घेतला.

मुशीचं तेल. मुशी माशाच्या काळजाचं, होडीला फासतात ते.

चोरी करून जाताना कुणी स्क्रूंना तेल लावून जातं का?

२

"मॅन्युएल," अंकल म्हणाले. "दुसरं कोण? पैज हरला तर त्याची मिशी जाणार आहे."

मॅन्युएल हा कोळीवाड्यातला आमचा लांबचा नातेवाईक. त्याने दुसऱ्याच रविवारी भर ओसरीवर पैज लावली होती, "खुनी वसंताच! न्हाय निघाला तर ही मिशी उतरवीन." त्या मिशीला तो रोज खोबरेल लावायचा. पण तपास करायचा तर एका वासावर थांबून चालत नाही. आणि या तपासात नाटकाची गोष्ट माहीत असल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून ती आधी सांगते.

दादासाहेब हे गिरगावातले म्हातारे व्यापारी. एका संध्याकाळी त्यांचा पुतण्या वसंता येतो. हा भांडून घर सोडून गेलेला. शीळ घालत जिना चढतो, दारातूनच पाणी मागतो. काका-पुतण्यांचं बोलणं होतं, आवाज चढतात आणि दिवेलागणीच्या आधी वसंता निघून जातो. सकाळी दिवाणखान्याचं दार आतून बंद. दार फोडतात तर दादासाहेब मेलेले, दुधात विष. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर अंग तपासून सांगतात, "काल तिन्हीसांजेलाच गेले." त्या संध्याकाळी त्यांच्याकडे वसंताशिवाय कुणी आलं नव्हतं. पाचव्या भागाच्या शेवटी वसंता कोर्टात उभा होता आणि आमची ओसरी ओरडत होती, "फाशी द्या मेल्याला!"

गोष्ट इतकीच. पण लिहिणाऱ्याने ती अशी लिहिली होती की माणसं श्वास घ्यायला विसरायची. आणि गंमत म्हणजे गावाला या नाटकाची शिफारस केली होती द्वारका काकींनी. रामनाथ म्हात्रे काकांचं खाडीकाठी मिठागर होतं, काकी त्यांच्या पत्नी. त्या पहिला भाग ऐकायला योगायोगानेच आल्या होत्या, आंटीला सुकट द्यायला. दुसऱ्या दिवशी त्या घरोघर गेल्या. "रुडॉल्फबाबाच्या रेडिव्यावर नाटक लागतंय. लई चांगलं लिवलंय. आयकाच!" ज्या बाईने जन्मात कधी नाटक पाहिलं नव्हतं, कीर्तनात जिला डुलकी लागायची, तिला नाटकाचं लिखाण चांगलं वाटलं याचं मला तेव्हा फक्त कौतुक वाटलं होतं.

आधी घरातली संशयित. नोरा आंटी स्वयंपाकघरात कपबशा मोजत होती.

"आंटी, तुला ही गर्दी आवडत नाही ना?"

"कुणाला आवडेल? युद्ध संपलं पण साखर अजून रेशनवर आहे. आणि तुझा अंकल सगळ्यांना चहा पाज म्हणतो. ओसरीवर चिखल, विडीची थोटकं." ती माझ्याकडे वळली. "मी चोरला म्हणतेस? मला बंद करायचा असता तर मी तार उपटली असती. स्क्रू काढत बसायला मला वेळ आहे?"

हे पटण्यासारखं होतं.

"आणि ते मीठ," आंटी पुढे म्हणाली. "दर सोमवारी रेडिओ ठेवलाय त्या फळीवरून मीठ झाडते मी. मिठागरातले लोक पायाला मीठ घेऊन येतात, पण फळीवर कसं चढतं देव जाणे. मिठाबरोबर मोहरीसुद्धा असते."

मी रेडिओकडे गेले. फळी माझ्या छातीइतकी उंच होती. मागच्या कोपऱ्यात झाडूतून सुटलेले जाड मिठाचे चार खडे आणि मोहरीचे दोन दाणे होते.

पायाला लागलेलं मीठ छातीइतकं वर चढत नाही. आणि मोहरी तर मिठागरात पिकतच नाही.

३

मॅन्युएल किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता. मला पाहून त्याने आधी मिशीवर हात ठेवला.

"व्हॉल्व्ह गेला आयकलं. मी न्हाय घेतला!"

"मी विचारलंच नाही अजून."

"विचारणार होतीस. सगळं गाव विचारतंय. माझी बायको तर सकाळपासून वस्तरा घासतंय."

"स्क्रूवर मुशीचं तेल होतं, मॅन्युएल."

तो मोठ्याने हसला. त्याने मला हाताला धरून होडीजवळ नेलं. होडीचे खिळे तांबूस होऊन सोलवटले होते. "बघ गो. हिला तरी तेल दिसतंय का? माझं तेल माझ्या होडीला मिलत न्हाय. मी आळशी, कबूल. डबा भरला की रामनाथ घेऊन जातो, बदल्यात मीठ देतो मासळीला."

"रामनाथ काका? त्यांना होडी कुठे आहे?"

"उघाडी हाय ना. बांधातलं दार, भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं ते. त्याला लोखंडी कड्या, बिजागऱ्या. मिठाच्या हवेत लोखंड उघडं टाकलं की गेलं. मिठागरवाला पावडं ठेवील तरी तेलाचं बोट फिरवून ठेवील. सवय ती. रामनाथ तर आमच्या दाराची कडी पण पुसून जातो." तो हसायचा थांबला. माझ्या चेहऱ्यावरचं त्याने वाचलं असावं. "अगो, पण रामनाथ कशाला चोरील? तो तर एक रविवार चुकवत न्हाय. हसत न्हाय, बोलत न्हाय, पायरीवर बसून राहतो नुसता."

ते खरं होतं. पायरीवरचे रामनाथ काका मला डोळ्यांपुढे दिसले. वसंता शीळ घालत जिना चढायचा, दोन लांब आणि एक आखूड, तेव्हा काका पायरीवरून अर्धवट उठायचे आणि पुन्हा बसायचे. मला वाटायचं, गुडघे धरले असतील.

काका यायला लागल्यापासून वसंताने तीनदा शीळ घातली होती. काका तिन्ही वेळा उठले होते. गुडघे इतके वक्तशीर नसतात.

४

आधी मी द्वारका काकींकडे गेले, कारण मिठाचं उत्तर तिथे होतं असं मला वाटत होतं.

त्या अंगणात भात पाखडत होत्या. "आलीस बाय? गावलं का ते काचेचं?"

"नाही काकी. तुम्हाला एक विचारू? आमच्या रेडिओची दृष्ट का काढता?"

सूप थांबलं.

"सगळे गेले की तुम्ही मागे थांबता," मी म्हणाले. "आंटीला वाटतं तुम्ही कप उचलू लागता. पण फळीवर मीठ-मोहरी सापडते. यंत्राला दृष्ट लागत नाही काकी."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाल्या, "सगली ओरडतात ना त्याला. मेल्या म्हणतात. फाशी द्या म्हणतात. लागंल ना माझ्या लेकराला."

"कुणाला?"

"धर्माला."

धर्मा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मी शाळेत असताना तो गाव सोडून गेला होता. त्याला नाटकात काम करायचं होतं आणि रामनाथ काकांनी सांगितलं होतं, तोंडाला रंग लावायचा असेल तर या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. त्याने खरंच ठेवला नाही.

"वसंता म्हणजे धर्मा? काकी, नक्की?"

"पाणी मागितलं ना त्यानं, तवा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं पण चेहरा हसत होता. "दारातनंच मागतो तो. चप्पल काढायच्या आधी. 'पाणी दे गं' म्हणायचा तसाच. शब्द निराले होते, पण दारातनंच. माझ्या हातातली सुकट खाली पडली."

"म्हणून तुम्ही गावभर सांगत फिरलात, चांगलं लिहिलंय म्हणून."

"मंग काय सांगू? माझा लेक बोलतंय या आयकायला, असं? त्यांच्या कानावर गेलं असतं." त्यांनी मिठागराच्या दिशेने मान वळवली. "सगलं गाव जाईल तर आपण पण जाऊ, असं म्हटलं तरच ते येतील नि मला पण येऊ देतील. त्यांना म्हाईत न्हाय गो, कोण हाय ते. कललं तर पायरीवरनं उठून जातील. बाय, तू सांगू नको."

"आणि आज, काकी? आज त्याला फाशी होईल असं सगळे म्हणतात."

त्या सुपातले दाणे बोटांनी सारखे करत राहिल्या. "होईल तर होईल. नाटकातली फाशी ती. पण मरताना का होईना, बोलंल ना चार शब्द? आज शेवटलं. पुन्ना कवा आयकायला मिलंल, मिलंल का न्हाय..." त्यांनी माझा हात धरला. तळवे खरखरीत होते. "गावलं पायजे गो ते काचेचं. आजच गावलं पायजे."

५

रामनाथ काका बांधावर होते. भरती चढत होती. ते एकटेच उघाडीच्या दाराला खांदा लावून उभे होते. ते लाकडी दार दोन माणसांचं काम. एकाने बांधावरून पाण्याकडे लक्ष ठेवायचं आणि पाणी खुणेला लागलं की शीळ घालायची, मग दुसऱ्याने उचलायचं. प्रत्येक मिठागराची शीळ वेगळी, नाहीतर शेजारचा भलत्या वेळी आपलं दार उचलायचा. हे मला माहीत होतं. फक्त मी ते आजवर रेडिओशी जोडलं नव्हतं.

मी बांधावर उभी राहिले आणि शीळ घातली. दोन लांब, एक आखूड.

त्यांनी दार उचललं नाही. ते माझ्याकडे वळले.

"तुला कुणी शिकवली?"

"रेडिओनं, काका."

पाणी खुणेच्या वर गेलं. मी खाली उतरून दाराच्या दुसऱ्या कडीला हात घातला. दोघांनी मिळून उचललं तेव्हा खाडीचं पाणी खळाळत आत शिरलं. कडीचं तेल माझ्या हाताला लागलं. तोच वास.

"तुम्ही स्क्रूंना तेल लावलंत," मी म्हणाले. "ज्याला रेडिओ मोडायचा असतो तो असं करत नाही. तो पुन्हा बोलावा असं तुम्हाला वाटत होतं. फक्त आज बोलू नये."

ते खोपटात गेले आणि वाशाला टांगलेला पितळी डबा काढून आणला. आत भाताचा तूस भरला होता आणि तुसात, कोंबडीचं अंडं ठेवावं तसा, व्हॉल्व्ह होता.

"सकाली घेतला. उद्या ठेवणार होतो परत." त्यांचा आवाज खाली आला. "धर्माच्या आईला म्हाईत हाय, पोरी, वसंता कोण ते. पहिल्या दिवसापासनं. मी पायरीवरनं बघतो ना, मीठ ओवालतंय ती. तिला वाटतं मला काय कलत न्हाय. आई हाय. पोराला फासावर चढवलेला कानानं कशी आयकंल? मी मना केलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. मंग सांगावं लागलं असतं, की मी पण..."

ते दाराच्या कडीवरून तेलाचं बोट फिरवत राहिले.

मला काकींचं गुपित फोडायचं नव्हतं. पण एक गोष्ट मी सांगू शकत होते, आणि ती मला पाचव्या भागापासून कुणाला तरी सांगायचीच होती.

"काका, वसंतानं खून केलेला नाही."

"तुला काय ठावं?"

"मी रेडिओजवळ बसते, कळ सांभाळायला. बाकीच्यांना गर्दीत ऐकू येत नाही ते मला येतं. दिवाणखान्यात घड्याळ आहे. पहिल्या भागात दादासाहेब काय म्हणतात? 'हे माझ्यासारखंच म्हातारं. रात्री झोपताना चावी दिली नाही तर पहाटे बंद पडतं.' आणि चावी त्यांच्या जानव्याला."

"बरं मंग?"

"सकाळी दार फोडून लोक आत येतात तेव्हा घड्याळ टिकटिकतंय. मी ऐकलंय. तिन्हीसांजेला मेलेला माणूस झोपताना चावी कशी देईल? म्हणजे दादासाहेब रात्री जिवंत होते आणि वसंता तर दिवेलागणीच्या आधीच गेला होता. डॉक्टर खोटं बोलतोय. मरणाची वेळ त्यानेच सांगितली, दुसऱ्या कुणी नाही."

मग त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला जो मी स्वतःला विचारला होता.

"रेडिववाल्यांनी टिकटिक उगाच वाजवली असंल तर? घर म्हटलं की घड्याल."

"तेच मलाही वाटलं होतं. पण तिसऱ्या भागात, दार फोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, पोलीस त्याच खोलीत येतात. तेव्हा टिकटिक नाही. चावी द्यायला कुणी उरलं नाही म्हणून घड्याळ बंद पडलंय. ज्यानं बंद पडलेलं घड्याळ आठवणीनं बंद ठेवलं, त्यानं चालू ठेवलेलंही मुद्दामच. चांगलं लिहिलंय काका. इतकं नीट लिहिणारा माणूस निरपराधाला फाशी देऊन श्रोत्यांना फसवणार नाही."

"आणि तुझं चुकलं तर?"

समोर पाणी वाफ्यांत पसरत होतं.

"कळ माझ्या हातात असेल," मी म्हणाले. "त्याला न्यायला आले की मी सेट बंद करीन. बॅटरी संपली म्हणेन."

काकांनी डबा माझ्या हातात दिला. तूस सांडू नये म्हणून वर आपला रुमाल बांधून दिला.

६

"सापडला! कुठे?" अंकलनी विचारलं.

"तुसात," मी म्हणाले. ते खरंच होतं. आणि ओसरी इतकी भरली होती की पुढचा प्रश्न कुणाला ऐकू गेला नाही. मॅन्युएल मिशीला पीळ देत मधोमध बसला. काकी भिंतीला टेकून. काका पायरीवर, पाठ आमच्याकडे.

निवेदक बोलला, वाद्यं वाजली, कोर्ट सुरू झालं. डॉक्टरची साक्ष झाली. वसंता म्हणाला, "मी काकांशी भांडलो. पण मी त्यांच्या हातचं पाणी प्यायलो होतो, साहेब." काकींचा पदर दातांत होता.

मग न्यायाधीश बोलू लागले. "आरोपी वसंत, या कोर्टासमोर आलेला पुरावा पाहता..."

ओसरी पुढे सरकली. माझ्या बोटांखाली कळ गार होती. पुरावा पाहता. लिहिणारा घड्याळाचं विसरलाच असेल तर? टिकटिक खरंच उगाच असेल तर? "...तुला या गुन्ह्याबद्दल..." मी कळ पकडली.

माझ्या हातावर हात आला, तेलाच्या वासाचा. काका पायरीवरून कधी उठून आले मला कळलं नव्हतं.

"राहू दे," ते पुटपुटले. "बोलू दे त्याला."

"थांबा, महाराज!" रेडिओतून नवा आवाज आला. इन्स्पेक्टर. "शिक्षा सुनावण्याआधी मला डॉक्टरांना एकच विचारायचंय. दिवाणखान्यातलं घड्याळ त्या सकाळी चालू होतं की बंद?"

ओसरीवर कुणालाच काही कळलं नाही. पण काकांनी माझा हात इतका दाबला की कळ मोडायची.

पुढचं सगळं सांगत नाही. कुणी ऐकलं नसेल तर त्याची मजा जायला नको. डॉक्टर आधी अडखळला, मग ओरडला, मग गप्प झाला. मॅन्युएलच्या बायकोने पदराखालून वस्तरा काढला आणि ओसरी हसून हसून आडवी झाली. नोरा आंटीने साखरेचा डबा स्वतःहून उघडला. या गोंधळात निवेदक कलाकारांची नावं सांगत होता. पाच रविवार त्याने ती सांगितली नव्हती.

"दादासाहेब..." कुणीतरी. "डॉक्टर..." कुणीतरी. "आणि वसंताच्या भूमिकेत, धर्मा रामनाथ म्हात्रे."

हसणं ओसरत गेलं आणि थांबलं. सगळी डोकी वळली. नाटकातली माणसं तेव्हा नावं बदलून घ्यायची, कानाला गोड लागतील अशी. त्याने बदललं नव्हतं. मधलं नावही गाळलं नव्हतं.

मॅन्युएल, अर्धी मिशी साबणात, टोपी काढून उभा राहिला. काकी भिंतीशी तशाच, नवऱ्याकडे बघायची हिंमत नसलेल्या. त्यांची मूठ मिटलेली होती. तिच्यातून मिठाचे खडे निसटून फरशीवर पडत होते.

रामनाथ काका त्यांच्यापुढे गेले आणि हात पसरला.

"माझ्याकडं दे."

"काय?"

"मीठ. आज मी ओवालतो."

त्यांनी ती मूठ घेतली आणि रेडिओभोवती फिरवू लागले, जपून, उघाडीच्या कडीला तेल लावावं तशी.

"उलट्या अंगानं फिरवतात का?" काकी रडत रडत म्हणाल्या. "अवो, उजवीकडनं!"

"मला काय म्हाईत! बायकांचं काम."

मीठ-मोहरी आंटीच्या चुलीत तडतडली. माणसं हळूहळू, पाय न वाजवता निघून गेली. काका जायला निघाले आणि पायरीवरून परत वळले.

"इनेझ, रेडिववाल्यांना पत्र धाडता येतं का? त्याला पोचंल असं?"

"येतं काका. काय लिहू?"

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"लिही, नाटक चांगलं होतं." मग खाडीकडे बघत म्हणाले, "आणि हे पण लिही, उघाडीचं दार एकट्याला उचलत न्हाय आता."